तोच कोड जुन्या बोर्डावर तीन वर्षं चालतोय, नव्यावर प्रॉम्प्टसुद्धा येत नाही (यू-बूट, डेटा ॲबॉर्ट)

शिरोलीकरीण

नमस्कार मंडळी. दोन दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथं विचारते. जरा लांबड लागेल, माफ करा.

आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी एक डबा बनवतो. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला फॅट मशीन, मागे पावतीचा प्रिंटर, आत लिनक्स. सभासदानं दूध आणलं, वजन झालं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) लागलं, की दर तक्त्यातून दर काढून पावती बाहेर. बाकी काही नाही. पण हा डबा पहाटे चालू झालाच पाहिजे, कारण म्हैस काही आमच्या रिलीजची वाट बघत थांबत नाही.

जुना बोर्ड आय.एमएक्स ६ यूएलएल या चिपवर होता आणि त्यावर यू-बूट (लिनक्सच्या आधी चालून त्याला उठवणारा बूटलोडर) २०१६.०३. मध्यंतरी चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा तो माल मिळेना, म्हणून एएम३३५८ या चिपवर नवा बोर्ड केला. यू-बूट २०२१.०१ घेतला. आमच्या बोर्ड फाइलमधला कोड जुन्यावरून जसाच्या तसा उचलला. 'गेटएन्व्ह' या फंक्शनचं (ते एन्व्हायर्न्मेंटमधून, म्हणजे यू-बूटच्या साठवलेल्या सेटिंगांमधून, एखादं व्हेरिएबल वाचतं) नाव २०१७.०९ पासून 'एन्व्ह_गेट' झालंय, तेवढं 'सेड' मारून सगळीकडे बदललं. कंपाइल झालं, एकही वॉर्निंग नाही, मी खूश.

माझ्या टेबलावरचा प्रोटोटाइप चार महिने झाले उत्तम चालतोय. आता असेंब्लीवाल्यांकडून पहिले पाच बोर्ड आले. तोच पीसीबी, तीच चिप, ईएमएमसीत (बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीत) तीच इमेज लिहिली. पाचही बोर्डांवर हे असं:

लोडिंग एन्व्हायर्न्मेंट फ्रॉम एमएमसी... * वॉर्निंग - बॅड सीआरसी, यूझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्न्मेंट
इन: सीरियल
आउट: सीरियल
एर: सीरियल
डेटा ॲबॉर्ट
रिलोक पीसी : [<८०८३सी१ए४>]
आर० : ००००००००
रिसेटिंग सीपीयू ...

(मधल्या बऱ्याच ओळी गाळल्यात.) मग पुन्हा पहिल्यापासून. परत तेच. लाल दिवा एकदा लुकलुकतो, विझतो, परत लुकलुकतो. की दाबून थांबवावं म्हटलं तर 'हिट एनी की' ची ओळ यायच्या आतच मरतं.

आमचे हार्डवेअरवाले काका म्हणतात डीडीआरचं, म्हणजे रॅमचं, टायमिंग. या लॉटला रॅमची चिप वेगळ्या कंपनीची लागलीय, म्हणून त्यांना संशय. त्यांचं ऐकून मी रॅमचं घड्याळ ४०० मेगाहर्ट्झवरून ३०३ वर आणलं. काही फरक नाही. दीड दिवस त्यात गेला.

आता काय बघू? पुढच्या आठवड्यात यातले दोन बोर्ड राधानगरीकडच्या एका संस्थेत लावायचेत.

नॉरफ्लॅश

काकांना सांगा, डीडीआर इतका शिस्तीचा नसतो. रॅम बिघडली की बोर्ड कधी इथं मरतो, कधी तिथं, कधी मरतच नाही, थंडीत चालतो, दुपारी बिघडतो. तुमचे पाच बोर्ड पाच वेळा एकाच पत्त्यावर मरताहेत आणि घड्याळ उतरवल्यावरसुद्धा जागा बदलत नाही. हा कोड आहे.

तुमच्याच लॉगमध्ये तीन गोष्टी पडल्यात.

पहिली म्हणजे 'रिलोक पीसी' (पीसी म्हणजे मरताना चालू असलेल्या सूचनेचा पत्ता). यू-बूट सुरू झाल्यावर स्वतःला उचलून रॅमच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवतो. त्यामुळे नुसता 'पीसी' दिसतो तो पत्ता तुमच्या मॅप फाइलमध्ये सापडत नाही, आणि लोक तिथंच अडकतात. 'रिलोक पीसी' मध्ये तो सरकलेला फरक वजा करून दिलेला असतो. तो आकडा थेट 'ॲडर२लाइन' ला (पत्त्यावरून सोर्समधली ओळ सांगणारं साधन) द्या. फाइल द्यायची ती 'यू-बूट' नावाची, पुढे कसलंही एक्स्टेंशन नसलेली ईएलएफ. 'डॉट बिन' नव्हे. आणि ती त्याच बिल्डची हवी. कालच्या बिल्डची दिलीत तर तो शहाण्यासारखा तुम्हाला भलत्याच फंक्शनमध्ये नेऊन सोडेल. 'रिलोक एलआर' ही त्याच ओळीत असतो, तोही बघा, म्हणजे कोणी बोलावलं ते कळेल.

दुसरी गोष्ट, 'एर: सीरियल' नंतर 'नेट:' ची ओळ यायला हवी होती, ती नाही. कन्सोल उभा राहिल्यावर आणि नेटवर्क सुरू व्हायच्या आधी 'बोर्ड_लेट_इनिट' चालतं. ते तुम्हीच लिहिलेलं असणार.

तिसरी, आर० शून्य आहे. आर्मवर पहिला आर्ग्युमेंट आर० मधून जातो. म्हणजे कुणीतरी कुणाच्यातरी हातात नल, म्हणजे शून्य पॉइंटर, ठेवलाय.

आता प्रोटोटाइप सुरू करा आणि 'लोडिंग एन्व्हायर्न्मेंट' च्या ओळीपुढे काय येतं ते इथं लिहा. माझी पैज आहे, 'ओके' येत असणार.

शिरोलीकरीण

पैज जिंकलात. प्रोटोटाइपवर 'ओके' येतं.

'ॲडर२लाइन' ने पीसी दाखवला 'स्ट्रकंप' मध्ये (दोन स्ट्रिंग ताडणारं फंक्शन, सारख्या असतील तर शून्य देतं) आणि एलआर दाखवला आमच्या 'बोर्ड_लेट_इनिट' मध्ये. ओळ उघडली तर हे:

स्लॉट = एन्व्ह_गेट("बूट_स्लॉट");
इफ (!स्ट्रकंप(स्लॉट, "बी"))

खाली रूट पार्टिशन ए का बी ते ठरवलंय. डब्यात लिनक्सच्या दोन प्रती असतात, एकीवर अपडेट चढवायचं, जमलं नाही तर दुसरीवर परत यायचं, त्यासाठी हे. लिहिणारे गृहस्थ आता इथं नाहीत, म्हणून त्यांच्या नावानं बोटं मोडायचा मोह झाला होता. पण पोर्ट करताना ही ओळ माझ्या डोळ्यांखालून गेलेली आहे. सेड चालवून मी स्वतः डिफ वाचला होता.

म्हणजे असं झालं. कोऱ्या ईएमएमसीत एन्व्हायर्न्मेंट नाही, सीआरसी (डेटा शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) जुळला नाही, डिफॉल्ट उचललं गेलं. आमच्या डिफॉल्टमध्ये 'बूट_स्लॉट' नाहीच. 'एन्व्ह_गेट' ने नल दिला आणि आम्ही तो न बघता 'स्ट्रकंप' ला दिला. माझ्या प्रोटोटाइपवर मी चार महिन्यांपूर्वी कधीतरी हातानं 'सेटएन्व्ह' आणि 'सेव्हएन्व्ह' केलं होतं, म्हणून तो साळसूद.

इथवर समजलं. न समजलेलं आता सांगते. कपाटातून जुना आय.एमएक्सचा बोर्ड काढला. त्यावर 'एन्व्ह डिफॉल्ट -ए' केलं, सेव्ह केलं, वीज काढून परत लावली. 'प्रिंटएन्व्ह बूट_स्लॉट' म्हटलं तर तो म्हणतो असं काही नाही. म्हणजे तिथंही नलच. तरी बोर्ड मजेत चालू झाला! स्लॉट एवरून, जसा व्हायला हवा तसा. तीन वर्षांत एकही बोर्ड या ओळीवर पडला नाही. एकच ओळ, एकच नल, मग इथं मरतं आणि तिथं का नाही?

शून्यपत्ता

हा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून चहा ठेवून लिहितोय.

आपल्याला लिनक्सची सवय असते. तिथं नल हात लावला की सेगमेंटेशन फॉल्ट, कारण कर्नल पत्ता शून्यचं पान मुद्दाम मोकळं ठेवतो. त्या पानाला खाली मेमरी जोडलेलीच नसते. यू-बूटमध्ये असा कुणी राखणदार नाही. एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) चालू असला तरी मॅपिंग सरळसोट, शून्याला शून्य, एकाला एक. त्यामुळे नल म्हणजे चिपमधला खराखुरा पत्ता शून्य. तिथं जे काही असेल ते तुम्हाला वाचायला मिळतं.

मग तिथं काय असतं? ते चिप बनवणाऱ्याच्या मर्जीवर. आय.एमएक्स ६ यूएलएलमध्ये पत्ता शून्यापासून ९६ केबी बूट रॉम (चिपमध्येच कोरलेला सुरुवातीचा कोड) आहे. म्हणजे तुमच्या 'स्ट्रकंप' ने तीन वर्षं रॉममधल्या व्हेक्टर टेबलचा पहिला बाइट वाचला, 'बी' शी ताडून बघितला, जुळत नाही म्हणून सांगितलं, आणि तुमचा कोड गुमान स्लॉट ए कडे गेला. जुन्या बोर्डावर प्रॉम्प्टला 'एमडी ० ४' मारा, ते बाइट दिसतील.

एएम३३५एक्समध्ये (तुमची ३३५८ याच कुटुंबातली) पत्ता शून्याची जागा जीपीएमसीची, म्हणजे बाहेरून समांतर मेमरी जोडायची तिची. बूट रॉम तिथं ०एक्स४००००००० च्या आसपास बसतो आणि डीडीआर ०एक्स८००००००० पासून. तुमच्या बोर्डावर जीपीएमसीला काही जोडलेलं नसणार. बसवर हाक गेली, पलीकडून ओ आली नाही, डेटा ॲबॉर्ट.

खरं तर नवा बोर्ड तुमचा मित्र आहे. याहून वाईट बोर्ड असतात. रास्पबेरी पायवर पत्ता शून्याला चक्क रॅम सुरू होते, आरके३३९९ वरही तसंच. तिथं नल वाचता येतो, आणि लिहिताही येतो. लिहिलेलं राहतं. पुढच्या वेळी कुणी नल वाचला तर त्याला आधीच्यानं टाकलेला कचरा मिळतो. असा एक बग मी तीन आठवडे हुडकलाय, त्या दिवसांत घरी कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

नवखा_पीसीबी

ताई, मी नवीन आहे, चुकलं तर सांगा. पण प्रत्येक ठिकाणी नल तपासत बसण्यापेक्षा 'एन्व्ह_गेट' मध्येच बदल केला तर? शेवटी ते 'ईपी ? ईपी->डेटा : नल' असं परत देतं. तिथं नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग द्यायची. एका ओळीत सगळे बग संपले. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी असंच केलंय.

नॉरफ्लॅश

चुकलं म्हणून रागावणार नाही, कारण हा विचार प्रत्येकाला एकदा येतो. मलाही आला होता. पण करू नका, आणि केलं असेल तर प्रोजेक्ट जमा करायच्या आधी काढा.

यू-बूटमध्ये नल हा निरोप आहे: 'हे व्हेरिएबल नाही'. शेकडो ठिकाणी कोड त्या निरोपाची वाट बघत असतो. जवळचंच उदाहरण घ्या, ऑटोबूटचं. तिथं 'बूटडिले' वाचतात, आणि असेल तर त्याचा आकडा, नसेल तर कॉन्फिगमध्ये दिलेला 'कॉन्फिग_बूटडिले' घेतात. तुम्ही रिकामी स्ट्रिंग दिलीत की 'आहे' असं ठरणार, रिकाम्या स्ट्रिंगचा आकडा निघणार शून्य, आणि कॉन्फिगमध्ये तुम्ही पाच सेकंद लिहिलेले असले तरी बोर्ड न थांबता सुटणार. 'प्रीबूट' चंही तसंच, ते असेल तरच चालवायचं असतं. बोर्ड फाइलींमध्ये 'इथॲडर' नसेल तर चिपच्या फ्यूजमधून मॅक पत्ता घ्या, असं लिहिलेलं असतं. एक ओळ बदलून तुम्ही दुसऱ्यांच्या कोडला खोटं सांगायला लागता, आणि ते खोटं कुठं बाहेर पडेल ते तुम्हाला ठाऊक नसतं.

तपासणी वापरणाऱ्यानं करायची. ती जड वाटते म्हणून यू-बूटनं थोडी सोयही केलीय: 'एन्व्ह_गेट_यूलाँग' आणि 'एन्व्ह_गेट_हेक्स' ला डिफॉल्ट आकडा सोबतच द्यायचा, व्हेरिएबल नसलं की तो परत मिळतो. आकड्यांसाठी थेट 'एन्व्ह_गेट' आणि 'सिंपल_स्ट्रटूल' असं हातानं जोडलेलं दिसलं, की मी ती ओळ संशयानंच वाचतो.

रात्रपाळी

वरच्या यादीत एक काटा राहिला, 'एन्व्ह_गेट_येसनो'. हे हो म्हणायला १ देतं, नाही म्हणायला ०, आणि व्हेरिएबलच नसेल तर उणे १. लोक 'इफ (एन्व्ह_गेट_येसनो("अमुक"))' लिहून मोकळे होतात. उणे १ म्हणजे सी मध्ये खरं! न सेट केलेला पर्याय चालू होऊन बसतो. बरोबर १ आहे का तेच विचारायचं.

शिरोलीकरीण, तुम्ही आता 'बूट_स्लॉट=ए' डिफॉल्ट एन्व्हायर्न्मेंटमध्ये घालून विषय मिटवाल अशी भीती वाटतेय, म्हणून घाईनं लिहितो. तेवढ्यानं भागणार नाही. डिफॉल्ट वापरलं जातं ते सीआरसी जुळला नाही तरच. ईएमएमसीत आधीचं सेव्ह केलेलं, सीआरसी धड असलेलं एन्व्हायर्न्मेंट असेल तर तेच पूर्णच्या पूर्ण उचललं जातं. डिफॉल्टमधलं नवं व्हेरिएबल त्यात आपोआप मिसळत नाही. टेबलावर कोऱ्या बोर्डावर तपासून 'झालं' म्हणाल, आणि ज्या बोर्डावर एकदा 'सेव्हएन्व्ह' झालंय पण 'बूट_स्लॉट' कधी लिहिला गेला नाही, तो तसाच मरेल. उलटा पेपर आहे हा: आत्ता कोरा मरतोय आणि सेव्ह केलेला चालतोय, तेव्हा कोरा चालेल आणि सेव्ह केलेला मरेल.

डिफॉल्टमध्ये घालाच. पण कोडातली तपासणी आधी.

आणि 'सेव्हएन्व्ह' फक्त यू-बूटमधूनच होतं का? लिनक्समधून 'एफडब्ल्यू_सेटएन्व्ह' चालवत असाल तर 'एफडब्ल्यू_एन्व्ह.कॉन्फिग' मधला आकार यू-बूटच्या कॉन्फिगशी अक्षरशः जुळतोय ना ते बघा. सीआरसी पूर्ण आकारावर काढतात. एक शून्य कमी पडलं की लिनक्सनं लिहिलेलं यू-बूटला खराब दिसतं आणि यू-बूटनं लिहिलेलं लिनक्सला. मग दोघंही आपापल्या डिफॉल्टवर बसून राहतात.

शून्यपत्ता

एक पुरवणी. 'एन्व्ह_गेट' जो पॉइंटर देतं तो तुमच्या मालकीचा नसतो. रिलोकेशननंतर तो थेट हॅश टेबलाच्या आतला असतो. त्याच नावावर 'एन्व्ह_सेट' केलंत की जुनी किंमत फ्री होते आणि तुमच्या हातातला पॉइंटर हवेत. रिलोकेशनच्या आधी त्याहून गंमत. तेव्हा उत्तर 'जीडी' (यू-बूटचा सामाईक माहिती ठेवायचा स्ट्रक्चर) मधल्या ३२ बाइटांच्या एकाच बफरमध्ये येतं. लागोपाठ दोन 'एन्व्ह_गेट' केलेत तर दोन्ही पॉइंटर त्याच बफरकडे, आणि पहिलं उत्तर दुसऱ्यानं पुसलेलं. तुमच्या 'बोर्ड_लेट_इनिट' मध्ये हा दुसरा प्रकार होणार नाही, पहिला होऊ शकतो. नल तपासलात म्हणून सुटलात असं नाही, एकदा बघून घ्या.

शिरोलीकरीण

तीन दिवसांनी परत आले. सगळ्यांचे आभार, आणि शून्यपत्ता, तुमच्या पुरवणीचं खास. का ते खाली येतंय.

आधी बोर्ड कसे उठवले ते सांगते, कुणाला तरी उपयोगी पडेल. प्रॉम्प्टच येत नसेल तर नवा यू-बूट ईएमएमसीत घालणार कसा? आमच्या बोर्डावर बूट क्रम बदलायचा जंपर आहे, देवाची कृपा. तो लावला की चिपमधला रॉम ईएमएमसी सोडून सीरियल पोर्टवर येतो आणि मिनिकॉममध्ये 'सी सी सी सी' असं एकेक अक्षर टपकायला लागतं. म्हणजे 'द्या, मी घ्यायला तयार आहे'. आधी एक्समोडेमनं एसपीएल (यू-बूटचा छोटा पहिला टप्पा) द्यायचा, तो उठला की तोही 'सी' टपकवतो, मग वायमोडेमनं यू-बूटची इमेज. ११५२०० च्या वेगानं इमेज जाताना मी भडंग संपवला. पाच बोर्ड, पाच वेळा.

आता कोड. ती ओळ तर दुरुस्त केलीच: नल आला तर स्लॉट ए धरायचा आणि कन्सोलवर 'बूट_स्लॉट नाही, ए धरतोय' असं छापायचं. छापणं मला महत्त्वाचं वाटलं. जुना बोर्ड तीन वर्षं गप्प होता, तसा नवा राहू नये. डिफॉल्टमध्येही घातलं. मग रात्रपाळींच्या सांगण्यावरून कोऱ्या ईएमएमसीवर, सेव्ह केलेल्यावर, आणि मुद्दाम 'बूट_स्लॉट' पुसून सेव्ह केलेल्यावर, अशा तिन्ही तऱ्हांनी उठवून बघितला. 'एफडब्ल्यू_एन्व्ह.कॉन्फिग' मधला आकारही ताडला, तो नशिबानं बरोबर निघाला.

पुसताना एक गोष्ट लक्षात आली आणि अंगावर काटा आला. मी आळसानं 'सेटएन्व्ह बूट_स्लॉट' एवढंच लिहिलं, पुढे काही नाही, आणि व्हेरिएबल गेलं. यू-बूटमध्ये रिकामी किंमत असा प्रकारच नाही. रिकामं ठेवणं म्हणजेच पुसणं. कोडातून 'एन्व्ह_सेट' ला रिकामी स्ट्रिंग दिली तरी तेच. हे वाचून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर होताना दिसणं वेगळं.

मग आमची अपडेटची शेल स्क्रिप्ट आठवली. अपडेट फसलं की जुन्या प्रतीवर परत यायचं, त्यासाठी स्क्रिप्टमध्ये आहे 'एफडब्ल्यू_सेटएन्व्ह बूट_स्लॉट' आणि पुढे रिकामी अवतरणं. ज्यानं लिहिलं त्याच्या मनात 'रिकामं म्हणजे ए' असं असणार. प्रत्यक्षात ती ओळ व्हेरिएबल पुसते. म्हणजे गावात बसलेले जुने डबे जेव्हा जेव्हा रोलबॅक झाले, तेव्हा तेव्हा नल वाचून, बूट रॉममधला बाइट 'बी' नाही म्हणून स्लॉट ए वर आले. आमचं रोलबॅक तीन वर्षं एका रॉमच्या पहिल्या बाइटाच्या भरवशावर चाललं होतं, आणि गेल्या वर्षीच्या प्रेझेंटेशनमध्ये 'खात्रीशीर रोलबॅक' असं मी स्वतः ठळक अक्षरांत लिहिलंय.

नव्या बोर्डावर ही स्क्रिप्ट तशीच गेली असती तर? पहिलं अपडेट फसलं की डबा कायमचा लुकलुकत बसला असता. तोही राधानगरीत, जिथं पोचायला मला दोन तास लागतात आणि जंपर लावायला डबा उघडावा लागतो. असेंब्लीतून कोरी ईएमएमसी आली म्हणून हा बग टेबलावर पडला. स्क्रिप्टमध्ये आता स्वच्छ 'ए' लिहितो.

आता पुरवणीची गोष्ट. त्याच फंक्शनमध्ये खाली असं होतं: सलग तीन वेळा बूट फसलं असेल तर 'एन्व्ह_सेट' नं 'बूट_स्लॉट' ला 'ए' करायचं, आणि मग 'अमुक स्लॉटवरून ए वर आलो' असं छापायचं. छापताना वापरलेला 'अमुक' म्हणजे वर 'एन्व्ह_गेट' नं दिलेलाच पॉइंटर! फ्री झालेला. जुन्या लॉगांमध्ये मला कधीमधी 'स्लॉट' शब्दापुढे चित्रविचित्र खुणा दिसायच्या. मी आजवर ते सीरियल केबल सैल असल्याचं लक्षण समजत होते. दोन केबली बदलल्यात मी त्यापायी, एक तर स्वतःच्या पैशानं. आता 'बी' आहे की नाही एवढंच आधी एका इंटमध्ये धरून ठेवते आणि पॉइंटर पुढे वापरतच नाही.

नवखा_पीसीबी, तुझ्यासाठी: तो प्रश्न विचारलास ते बरं केलंस. माझ्याही मनात तेच होतं, फक्त माझ्यात विचारायचं धाडस नव्हतं. आणि प्रोजेक्टमधली ती ओळ खरंच काढ.

नवखा_पीसीबी

काढली ताई. काढल्यावर आमचा बोर्ड उठेनासा झालाय. नवीन धागा काढू का?

नॉरफ्लॅश

काढा. लॉग आधी टाका, 'रिलोक पीसी' च्या ओळीसकट. आणि शिरोलीकरीण, काकांना कळवलंत का?

शिरोलीकरीण

कळवलं. सगळं सविस्तर सांगितलं, बूट रॉम, पत्ता शून्य, रोलबॅक, फ्री झालेला पॉइंटर. काकांनी सोल्डरिंगवरून मान वर न करता ऐकलं आणि म्हणाले, "मग ते ३०३ चं ४०० करून ठेव परत."

विसरलेच होते. केलं.